टरेट : स्थिर मनोऱ्यापासून फिरत्या यंत्रभागापर्यंत
(वास्तुकला, युद्धतंत्र आणि यंत्रशास्त्र यांतील अर्थ व उपयोगांचे विवेचन)

प्रस्तावना

एकच संज्ञा अनेक ज्ञानशाखांत वापरली जाते, तेव्हा तिचा अर्थ प्रत्येक शाखेत थोडा थोडा बदलत जातो. कालांतराने त्या अर्थांमधील परस्परसंबंध विस्मरणात जातो आणि प्रत्येक शाखेचा अभ्यासक आपल्या पुरता मर्यादित अर्थ हाच संपूर्ण अर्थ मानू लागतो. 'टरेट' ही अशीच एक संज्ञा होय. इतिहासाच्या विद्यार्थ्याला ती किल्ल्याच्या वर्णनात भेटते, संरक्षणशास्त्राच्या विद्यार्थ्याला रणगाड्याच्या रचनेत आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्याला कार्यशाळेतील लेथवर. मराठीतून अध्यापन व लेखन करताना या तिन्ही ठिकाणी कधी 'बुरूज', कधी 'मनोरा', तर कधी मूळ इंग्रजी शब्दच योजला जातो.

यांपैकी 'बुरूज' हा शब्द विशेष विचार करण्याजोगा आहे. मराठी मनात बुरूज म्हणजे अचल, भक्कम आणि पाय रोवून उभी असलेली वास्तू. एखाद्या क्षेत्रातील आधारस्तंभ निवर्तला की 'बुरूज ढासळला' असे म्हणण्याची रीत याच भावनेतून आली आहे. याउलट आधुनिक युद्धतंत्र व यंत्रशास्त्र यांतील टरेटचा प्राण म्हणजे त्याचे फिरणे. अचलतेचा निदर्शक शब्द फिरत्या वस्तूला लावला की विद्यार्थ्याच्या मनात त्या वस्तूचे चित्रच चुकीचे उमटते. त्यामुळे ही संज्ञा स्थिर वास्तुघटकापासून फिरत्या यंत्रभागापर्यंत कशी पोहोचली, हे समजून घेणे आवश्यक ठरते.

उद्दिष्टे

१. वास्तुकला, युद्धतंत्र व यंत्रशास्त्र यांतील टरेट या संज्ञेचे अर्थ स्पष्ट करणे.
२. स्थिर टरेटकडून फिरत्या टरेटकडे झालेल्या स्थित्यंतराची कारणे पाहणे.
३. टरेटचे लाभ आणि त्यासाठी मोजावी लागणारी किंमत यांचा विचार करणे.
४. मराठीतून अध्यापन करताना या संज्ञेचा वापर कसा करावा, याविषयी विवेचन करणे.

शब्दाची व्युत्पत्ती

टरेट हा शब्द इंग्रजीत जुन्या फ्रेंच भाषेतून आला. लॅटिनमधील 'टुरिस' म्हणजे मनोरा. त्यावरून फ्रेंचमध्ये 'तूर' हा शब्द झाला आणि त्याचे लघुत्वदर्शक रूप म्हणजे टरेटचा पूर्वज. साहजिकच टरेटचा मूळ अर्थ 'लहान मनोरा' एवढाच होतो. या मूळ अर्थात फिरण्याचा कोणताही संकेत नाही. मराठीतील 'बुरूज' हा शब्द अरबी 'बुर्ज' यावरून आला असून त्याचाही अर्थ मनोरा असाच आहे. परंतु मराठीत तो तटाला जोडून बाहेर आलेल्या, तोफा ठेवण्याजोग्या रुंद व भरीव बांधकामासाठी रूढ झाला. म्हणजे दोन्ही शब्दांचा उगम 'मनोरा' या एकाच कल्पनेत असला, तरी इंग्रजी शब्द लहानपणाकडे आणि मराठी शब्द भक्कमपणाकडे झुकला, असे म्हणता येईल.

वास्तुकलेतील टरेट

वास्तुकलेत टरेट म्हणजे मुख्य इमारतीच्या कोपऱ्यावर अथवा भिंतीला लागून उभारलेला लहान मनोरा. मोठा मनोरा जमिनीपासून स्वतंत्रपणे वर जातो. टरेट मात्र पुष्कळदा भिंतीच्या मध्यापासून, बाहेर काढलेल्या दगडी टोड्यांवर तोललेला असतो. ह्या रचनेमागे तीन प्रमुख प्रयोजने दिसून येतात.

पहिले प्रयोजन टेहळणीचे. सरळ भिंतीवर उभ्या असलेल्या पहारेकऱ्याला भिंतीच्या पायथ्याशी आलेला शत्रू दिसत नाही. भिंतीच्या रेषेबाहेर आलेल्या टरेटमध्ये उभे राहिले की त्याच भिंतीची बाहेरची बाजू दोन्ही दिशांना नजरेखाली येते. गोव्यातील मांडवी नदीकाठच्या रेइश मागुश किल्ल्यावर तटाच्या कोनांवर उभारलेले लहान दंडगोलाकार टरेट पाहिले म्हणजे हे प्रयोजन चटकन ध्यानात येते. एका पहारेकऱ्याला उभे राहता यावे एवढीच त्यांची व्याप्ती असते. तोफांसाठी बांधलेला रुंद बुरूज ही वेगळी गोष्ट होय. किल्ल्यांच्या अध्ययनात हे दोन घटक स्वतंत्र मानले पाहिजेत.

दुसरे प्रयोजन जिन्याचे. लंडनच्या टॉवरमधील 'व्हाइट टॉवर' या अकराव्या शतकातील वास्तूला चार टरेट आहेत. त्यांपैकी तीन चौकोनी असून ईशान्येकडील एक गोल आहे, कारण त्यात चक्राकार जिना आहे. ग्रीनिचची वेधशाळा उभी राहण्यापूर्वी १६७५ मध्ये जॉन फ्लॅमस्टीड या खगोलशास्त्रज्ञाने याच वास्तूत आपली उपकरणे ठेवली होती. विजापूर (विजयपुरा) येथील मुहम्मद आदिलशाहाच्या गोलघुमटाच्या चारही कोपऱ्यांवर सात मजली अष्टकोनी मनोरे असून त्यांतील जिन्यांनी घुमटाच्या आतील सज्जापर्यंत जाता येते. येथे मनोरे शोभा देतात आणि चढण्याची वाटही पुरवितात.

तिसरे प्रयोजन शोभेचे व प्रतिष्ठेचे. तोफखान्याच्या प्रगतीनंतर उंच व पातळ भिंतींचे संरक्षणमूल्य घटले. तथापि टरेट नाहीसे झाले नाहीत, कारण तोवर ते सत्तेचे व वैभवाचे चिन्ह बनले होते. मुंबईतील छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे त्याचे परिचित उदाहरण. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांच्या आराखड्यानुसार १८७८ मध्ये सुरू झालेली आणि २००४ मध्ये जागतिक वारसा यादीत समाविष्ट झालेली ही वास्तू म्हणजे रेल्वे स्थानक व कार्यालय. तिच्यावर कोणी हल्ला करील आणि टरेटमधून प्रतिकार करावा लागेल, अशी कल्पना तिच्या रचनेत नव्हती. १९२४ मध्ये पूर्ण झालेल्या गेटवे ऑफ इंडियाच्या चार लहान मनोऱ्यांबाबतही हेच म्हणता येईल.

या विवेचनातून एक बाब स्पष्ट होते. वास्तूतील टरेट स्थिर असतो आणि त्यातील माणूस फिरतो. पहारेकरी चहूकडे पाहतो, जिना चढणारा गोल फिरत वर जातो. एका जागेवरून अनेक दिशांना पोहोचणे, हे त्याचे कार्य आहे.

युद्धतंत्रातील टरेट : नौदल

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत युद्धनौकेच्या तोफा तिच्या दोन्ही बाजूंना ओळीने मांडलेल्या असत. नेम धरण्यासाठी संपूर्ण नौका वळवावी लागे आणि एका वेळी निम्म्या तोफा निरुपयोगी राहत. तोफा जसजशा मोठ्या व जड झाल्या, तसतशी त्यांची संख्या कमी करणे भाग पडले. थोड्या तोफांनी सर्व दिशा सांभाळायच्या, तर तोफच फिरली पाहिजे आणि तिच्या भोवतीचे चिलखतही तिच्यासह फिरले पाहिजे, हा विचार यातून पुढे आला. इंग्लंडमध्ये कूपर फिप्स कोल्स या नौदल अधिकाऱ्याने आणि अमेरिकेत मूळच्या स्वीडिश जॉन एरिक्सन या अभियंत्याने तो स्वतंत्रपणे विकसित केला. कोल्सचा टरेट कडेखालील रुळांच्या वर्तुळावर फिरे, तर एरिक्सनचा मधल्या उभ्या आसावर.

अमेरिकेतील यादवी युद्धात ९ मार्च १८६२ रोजी हॅम्प्टन रोड्स येथे एरिक्सनची 'मॉनिटर' ही नौका 'व्हर्जिनिया' या चिलखती नौकेसमोर उभी ठाकली. मॉनिटरवर तोफा दोनच होत्या. त्या आतून २० फूट व्यासाच्या, ९ फूट उंचीच्या आणि प्रत्येकी एक इंच जाडीच्या लोखंडी पत्र्यांचे आठ थर असलेल्या एका टरेटमध्ये बसविल्या होत्या. टरेट वाफेच्या यंत्राने फिरविला जाई. लढाई अनिर्णित राहिली, परंतु तिने नौकारचनेची दिशा बदलली.

या लढाईतील एक अडचण मात्र विशेष बोधप्रद आहे. टरेट एकदा फिरू लागला की नेमक्या जागी थांबविणे कठीण जाई. शिवाय आतील माणसांना नौकेचे तोंड कोणत्या दिशेला आहे, हे कळेनासे होई. त्यासाठी खालच्या स्थिर डेकवर केलेल्या खुणा लढाईच्या सुरुवातीलाच पुसल्या गेल्या. स्थिर मनोऱ्यातील पहारेकऱ्याला पूर्व कोठे आणि पश्चिम कोठे, हा प्रश्न कधी पडत नाही. मनोरा स्वतः फिरू लागला की तो पडतो. टरेटच्या पुढील सर्व विकासात दिशेचे भान आणि थांबण्याची अचूकता हे दोन प्रश्न पुन्हा पुन्हा समोर आलेले दिसतात. त्याच वर्षाच्या ३१ डिसेंबरला मॉनिटर वादळात बुडाली. तिचे अवशेष १९७३ मध्ये सापडले आणि २००२ मध्ये तिचा टरेट समुद्राबाहेर काढण्यात आला.

दुसरा प्रश्न वजनाचा होता. जड टरेट डेकवर उंच बसविला की नौकेचा तोल बिघडतो. म्हणून टरेट असलेल्या नौकांचे डेक पाण्यापासून फार उंच ठेवता येत नसे. त्याच नौकेवर पूर्ण शिडे उभारण्याचा आग्रह कोल्सने धरला. त्याच्या कल्पनेनुसार बांधलेल्या 'कॅप्टन' या ब्रिटिश युद्धनौकेचे डेक प्रत्यक्षात आराखड्यापेक्षा दीड फुटांहून अधिक खाली राहिले. ७ सप्टेंबर १८७० च्या पहाटेपूर्वी स्पेनच्या फिनिस्टेर भूशिराजवळ वादळी वाऱ्यात ती उलटली. सुमारे ४८० जण मृत्युमुखी पडले आणि त्यांत स्वतः कोल्सही होता. त्यानंतर शिडांचा त्याग केलेल्या 'डेव्हास्टेशन' या १८७१ मध्ये जलावतरण झालेल्या नौकेने पुढील युद्धनौकांचा मार्ग दाखविला.

या इतिहासाचा मुंबईशी प्रत्यक्ष संबंध आहे. मुंबई बंदराच्या संरक्षणासाठी 'मॅग्डाला' व 'ॲबिसिनिया' या दोन टरेटधारी नौका इंग्लंडमध्ये बांधण्यात आल्या व १८७० मध्ये त्यांचे जलावतरण झाले. प्रत्येकीवर दोन टरेट व चार तोफा होत्या. ज्या ॲबिसिनिया मोहिमेवरून ही नावे घेतली, त्या १८६७-६८ च्या मोहिमेचे सैन्यही मुंबईहूनच रवाना झाले होते. विसाव्या शतकाच्या आरंभी विकल्या जाईपर्यंत या नौका मुंबईच्या रक्षणार्थ होत्या. स्थिर बुरुजांच्या या किनाऱ्यावर फिरते बुरूज प्रथम त्यांच्या रूपाने आले, असे म्हणावयास हरकत नाही.

युद्धतंत्रातील टरेट : रणगाडा व विमान

१९१६ मध्ये प्रथम वापरलेल्या ब्रिटिश रणगाड्यांच्या तोफा दोन्ही बाजूंना होत्या, म्हणजे जुन्या नौकांचीच रचना जमिनीवर आली होती. १९१७ च्या फ्रेंच 'रेनो एफटी' या हलक्या रणगाड्याने पुढे चालक, मागे इंजिन आणि वर पूर्ण वर्तुळात फिरणारा टरेट ही मांडणी रूढ केली. बहुतेक रणगाडे आजही या मांडणीचे अनुकरण करतात. अहिल्यानगर (पूर्वीचे अहमदनगर) येथील रणगाडा संग्रहालयात विविध देशांचे रणगाडे ओळीने पाहताना हे साम्य सहज लक्षात येते.

टरेट ज्या वर्तुळाकार कड्यावर बसतो, त्याचा व्यास रणगाड्याच्या रचनेतील निर्णायक माप असतो. तोफ मोठी हवी असेल तर तिचा मागे येणारा धक्का सोसण्यासाठी आणि आतील माणसांना काम करण्यासाठी कडे मोठे लागते. कडे मोठे झाले की रणगाडा रुंद होतो आणि मग रेल्वेने वाहून नेण्याची मर्यादा आड येते. माणसांची संख्याही महत्त्वाची आहे. रेनोच्या टरेटमध्ये एकच सैनिक असे. शत्रू शोधणे, तोफ भरणे आणि नेम धरणे ही तिन्ही कामे त्यालाच करावी लागत. पुढे तीन माणसांच्या टरेटमुळे ही कामे विभागली गेली आणि रणगाड्याच्या प्रमुखाला सभोवार पाहण्यास उसंत मिळाली. म्हणजे पहारेकऱ्याचे जुने कार्य टरेटमध्ये पुन्हा स्वतंत्रपणे प्रस्थापित झाले.

टरेट हा सर्वांत उंच भाग असल्याने शत्रूला तोच प्रथम दिसतो. स्वीडनने साठच्या दशकात सेवेत आणलेल्या 'एस' रणगाड्यात टरेटच वगळला. तोफ मुख्य भागात पक्की बसवून नेम धरण्यासाठी संपूर्ण रणगाडा वळविला जाई. त्यामुळे उंची कमी झाली, परंतु चालत असताना नेम धरण्याची क्षमता मर्यादित राहिली. दुसरे उदाहरण सोव्हिएत बनावटीच्या टी-७२ रणगाड्याचे. यात टरेटच्या तळाशी वर्तुळाकार मांडणीत दारूगोळा ठेवून तो यंत्राने भरला जातो. त्यामुळे एका माणसाची बचत झाली आणि टरेट लहान राहिला. मात्र तेथे मारा बसून दारूगोळ्याचा स्फोट झाला की संपूर्ण टरेट उडून पडतो. १९९१ च्या आखाती युद्धात आणि २०२२ पासूनच्या युक्रेन युद्धात हे दिसून आले. टी-७२ व त्याच परंपरेतील टी-९० हे भारतीय सैन्यातही असल्याने हा विषय आपल्यासाठी केवळ परदेशी इतिहासाचा राहत नाही.

विमानांच्या बाबतीत ब्रिटिश 'डिफायंट' या लढाऊ विमानाचे उदाहरण पुरेसे आहे. त्याच्या पाठीवरील टरेटमध्ये चार मशिनगन होत्या, मात्र समोर मारा करणारी एकही बंदूक नव्हती. प्रारंभी काही यश मिळाले. शत्रूच्या वैमानिकांनी ही रचना ओळखल्यावर ते समोरून व खालून हल्ला करू लागले आणि १९४० च्या ऑगस्टअखेर हे विमान दिवसाच्या लढाईतून काढून घ्यावे लागले. चहूकडे फिरणाऱ्या साधनालाही न दिसणारी दिशा असते, हा याचा अर्थ होय.

यंत्रशास्त्रातील टरेट

साध्या लेथवर एखादा भाग करताना कारागीर छिद्र पाडण्यासाठी ड्रिल लावतो, ते काढून बोअरिंगचे हत्यार लावतो, मग रीमर, मग टॅप. प्रत्येक बदलात वेळ जातो आणि हत्यार पुन्हा अचूक जागी लावण्याचे कसब लागते. अमेरिकेतील कनेक्टिकट राज्यात स्टीफन फिच याने १८४५ मध्ये यावर उपाय काढला. त्याच्याकडे सैन्यासाठी बंदुकीच्या चापांचे काम होते आणि त्यासाठी एकसारखे स्क्रू मोठ्या संख्येने हवे होते. त्याने आठ हत्यारे एका फिरत्या भागावर बसविली. तो भाग फिरविला की पुढचे हत्यार कामासमोर येई. हाच टरेट लेथचा आरंभ मानला जातो. यंत्रातील टरेटची गरजही युद्धसामग्रीच्या उत्पादनातूनच निर्माण झाली, ही बाब नोंद घेण्याजोगी आहे.

पुढे षट्कोनी टरेट रूढ झाला. कार्यशाळांत परिचित असलेल्या कॅपस्टन लेथमध्ये टरेट एका लहान सरकत्या भागावर असतो व तो हलक्या कामास योग्य ठरतो. टरेट लेथमध्ये तो थेट बेडवर सरकणाऱ्या सॅडलवर असल्याने जड काम पेलतो. कॅपस्टनचे चाक मागे फिरविले की टरेट आपोआप एक घर पुढे सरकतो आणि खिट्टी बसून पक्का होतो. संगणकनियंत्रित यंत्रांत हेच काम आज्ञावलीतील हत्याराच्या क्रमांकानुसार होते. महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील सूक्ष्मदर्शकाची भिंगे बदलणारी फिरती चकती ही देखील याच तत्त्वाची असून, योग्य भिंग जागेवर आले की होणारा 'टक्' आवाज हा त्या खिट्टीचाच असतो.

येथे युद्धातील व यंत्रातील टरेटचा मूलभूत भेद स्पष्ट होतो. रणगाड्याच्या टरेटला वर्तुळातील कोणत्याही बिंदूवर थांबता आले पाहिजे, कारण शत्रू कोठे असेल हे आधी ठाऊक नसते. यंत्राच्या टरेटला सहा, आठ वा बारा ठरलेल्या जागीच थांबायचे असते. तेथे मात्र प्रत्येक वेळी तंतोतंत तेथेच थांबावे लागते, अन्यथा भाग बाद होतो.

टरेट लेथने श्रमाचे स्वरूपही बदलले. एक अनुभवी कारागीर हत्यारे व थांबे लावून देतो आणि नंतर कमी प्रशिक्षित कामगार तेच काम शेकडो वेळा करतो. पूर्वी कारागिराच्या हातात असलेले कसब यंत्राच्या मांडणीत साठविले गेले. उत्पादन वाढले व भाग एकसारखे झाले. त्याचबरोबर लावणारा आणि चालविणारा अशी कामगारांची विभागणी निर्माण झाली. वाणिज्य व समाजशास्त्र यांच्या अभ्यासकांनाही हा विषय म्हणूनच उपयुक्त ठरतो.

तुलनात्मक विवेचन व पारिभाषिक संज्ञेचा प्रश्न

तिन्ही क्षेत्रांतील टरेटचे कार्य एका सूत्रात सांगता येते : एका जागेवरून अनेक दिशांना अथवा अनेक कामांना पोहोचणे. वास्तूत माणूस फिरतो. युद्धात माणसासह तोफ व चिलखत फिरते. यंत्रात माणूस व काम आपापल्या जागी राहून हत्यारे फिरतात. दुसरे साम्य किमतीचे आहे. वास्तूतील टरेट टोड्यांवर भार टाकतो, नौकेतील टरेट तोल बिघडवितो, रणगाड्यातील टरेट उंची वाढवितो आणि यंत्रातील टरेटच्या सांध्यात जराशी ढिलाई आली तरी अचूकता जाते.

या पार्श्वभूमीवर मराठी संज्ञेचा विचार केला असता, सर्वत्र 'बुरूज' हा एकच शब्द वापरणे सोयीचे वाटले तरी अर्थाच्या दृष्टीने ते अपुरे ठरते. वास्तुकलेत 'लहान मनोरा' अथवा प्रयोजनानुसार 'टेहळणी मनोरा' असे म्हणावे आणि 'बुरूज' हा शब्द तटाच्या रुंद, तोफा पेलणाऱ्या बांधकामासाठी राखून ठेवावा. नौका व रणगाडा यांच्या संदर्भात 'फिरता बुरूज' असे विशेषणासह म्हटल्यास गतीचा अर्थ सुटत नाही. यंत्रशास्त्रात कामगारांनी व शिक्षकांनी 'टरेट' हाच शब्द स्वीकारला असल्याने तो तसाच ठेवून पहिल्या वेळी त्याचे कार्य सांगणे इष्ट होय.

निष्कर्ष

१. टरेटचा मूळ अर्थ लहान मनोरा असा असून फिरण्याचा अर्थ त्याला एकोणिसाव्या शतकात प्राप्त झाला.
२. थोड्या साधनांनी अनेक दिशा वा अनेक कामे सांभाळण्याची गरज, हे या स्थित्यंतराचे प्रमुख कारण होय.
३. युद्धातील टरेट कोणत्याही बिंदूवर, तर यंत्रातील टरेट ठरलेल्या बिंदूंवर थांबतो. हा भेद अध्यापनात स्पष्ट करणे आवश्यक आहे.
४. टरेटचा प्रत्येक लाभ वजन, उंची अथवा सांध्याच्या अचूकतेच्या रूपाने किंमत मागतो. 'कॅप्टन' नौकेची दुर्घटना ही किंमत दुर्लक्षिल्याचे ठळक उदाहरण आहे.
५. मराठीत एकाच शब्दाचा आग्रह धरण्यापेक्षा कार्यानुसार शब्दयोजना करणे अधिक योग्य ठरते.

समारोप

इतिहास, संरक्षणशास्त्र आणि अभियांत्रिकी यांचे वर्ग एकाच परिसरात भरत असले, तरी त्यांची परिभाषा एकमेकींना क्वचितच भेटते. इतिहासाच्या अध्यापकाने विद्यार्थ्यांना एकदा कार्यशाळेतील कॅपस्टन लेथ दाखवावा आणि यंत्रशास्त्राच्या अध्यापकाने एकदा किल्ल्यावरील टेहळणी मनोऱ्यात उभे करावे. शब्दकोशातील एका ओळीने न समजणारा अर्थ अशा वेळी सहज उलगडतो, आणि विद्यार्थ्यापुढे शब्द ठेवताना वस्तू नेमकी काय काम करते हे आधी सांगण्याची सवय अध्यापकालाही लागते.